मध्यस्थ वायर आणि नागमणी अक्का

बंद पडलेल्या मॉनिटरसमोर बसल्या की नागमणी अक्का सर्वांत आधी त्याचं लग्न लावायच्या. "मुलाकडचे कोण?" त्या विचारायच्या. आपण गोंधळून बघत राहिलो की उत्तरही स्वतःच द्यायच्या. "ही खालची पेटी. कमावती. मुलीकडचे कोण? हा पडदा. सगळ्यांनी बघायचा. आणि ही वायर म्हंजे मध्यस्थ. दोन घरांतलं बोलणं बंद झालं की आधी मध्यस्थाला धरायचं. निम्म्या वेळा त्यानंच घोळ घातलेला असतोय."

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसण्याच्या मनःस्थितीत नव्हते. मी घरबसल्या लग्नपत्रिका आणि प्रश्नपत्रिका छपाईसाठी कॉम्प्युटरवर जुळवून देते. त्या दिवशी दुपारी एक पत्रिका छापायला जायची होती, प्रेसवाल्याचे फोनवर फोन येत होते, आणि माझा मॉनिटर काळाठिक्कर पडला होता. 'सिग्नल नाही' अशी इंग्रजी पाटी तेवढी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात आरामात फिरत होती. लेकानं पुण्याला नोकरीला जाताना माझा कॉम्प्युटर चालवायला लिनक्स नावाचं सॉफ्टवेअर घालून दिलं होतं. फुकट, मुक्त, कुणाच्या मालकीचं नाही, असं बरंच काही कौतुकानं सांगितलं होतं. अडल्यावर कुणाला हाक मारायची, एवढंच सांगायचं राहिलं होतं. मी वैतागून जे काही ओरडले ते वरच्या मजल्यावर ऐकू गेलं असावं, कारण पाच मिनिटांत दारात अक्का उभ्या होत्या. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात फडकं, आणि चेहऱ्यावर बारशाला आल्यासारखा आनंद.

"काल टेबल पुसलीस की न्हाय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "पुसलं. सगळ्या वायरी काढून पुसलं. पण सगळ्या परत होत्या तशा लावल्या." "होत्या तशा," असं म्हणून अक्का टेबलाखाली शिरल्या. त्यांचं वजन बेताचं नव्हतं आणि टेबल तसं लहान होतं, त्यामुळे थोडा वेळ माझ्या घरात नुसता त्यांचा आवाजच होता. "हितं दोन दारं हायत बघ, मीना. दोन्ही सारखीच. एक वरचं, ते बंद दार. एक खालचं, ते उघडं. तुझी वरात बंद दारापुढं उभी हाय आणि तू हारतुरे घेऊन मांडवात!" त्यांनी वायर वरच्या भोकातून काढून खालच्या भोकात बसवली आणि माझी पत्रिका पडद्यावर झळकली. चिरंजीव, चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी, सगळे जागच्या जागी. अक्कांनी टेबलाखालूनच विचारलं, "मुहूर्त कितीचा हाय?" आणि चहा पिऊन, पत्रिकेतली शुद्धलेखनाची एक चूक दाखवून त्या वर गेल्या. सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात आम्हाला राहायला येऊन जेमतेम महिना झाला होता. त्या दिवसापासून मला शेजार मिळाला.

अक्का जाऊन आता वर्ष होईल. पण त्यांच्याबद्दल लिहायला बसलं की दुःख शेजारच्या खोलीत जाऊन बसतं आणि हसूच पुढे येतं. त्यांनाही तेच आवडलं असतं.

अख्खी नोकरी त्यांनी टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर म्हणून काढली होती. घरात नवऱ्याशी तेलुगू, आमच्याशी मराठी, भाजीवाल्या चाचाशी दखनी उर्दू, आणि कॉम्प्युटरशी या तिन्हींचं मिश्रण. लिनक्स त्या मोबाइलवरचे तेलुगू व्हिडिओ बघून शिकल्या होत्या. किती शिकल्या होत्या, हा वादाचा मुद्दा आहे. त्यांचा आत्मविश्वास नेहमी ज्ञानाच्या दोन पावलं पुढे असायचा. जमलं तर "मला ठावंच होतं," आणि नाही जमलं तर "आता कसं, बिघाड कुटं न्हाय ते तरी कळलं." स्वतःची चूक झाली असं मात्र, एकदाच सोडलं तर, कधी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

सोसायटीच्या सेक्रेटरींना याचा चांगला अनुभव आला. कुलकर्णी नावाचे अत्यंत शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी एवढंच म्हटलं होतं की ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर अक्षर जरा बारीक दिसतं. अक्का आल्या, सेटिंगमध्ये शिरल्या, कुठंतरी टिचकी मारली, आणि सगळा पडदा कुशीवर झोपला. माउस उजवीकडे नेला की बाण वर जायचा. खाली नेला की उजवीकडे. कुलकर्णींनी मान खांद्याला टेकवून वाचायचा प्रयत्न केला. आम्ही मागे उभ्या असलेल्या चौघी-पाच जणींनीही माना त्याच बाजूला टाकल्या. अक्का जराही डगमगल्या नाहीत. त्यांनी मॉनिटरच उचलला, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर एका कुशीवर ठेवला आणि म्हणाल्या, "आता बघा. सरळ दिसलालंय की न्हाय?" कुलकर्णी म्हणाले, "दिसतंय, पण..." "मग झालं की ओ!" दोन दिवस सेक्रेटरीसाहेब त्या कलंडलेल्या मॉनिटरवर नोटिसा लिहीत होते. तिसऱ्या दिवशी अक्का कुठलासा व्हिडिओ बघून आल्या, पडदा सरळ केला, आणि मानेचा व्यायाम झाला असं कुलकर्णींनाच पटवून गेल्या.

खरी गंमत अशी की हे संकट टाळायची सोय त्या सेटिंगमध्येच होती, आणि ती अक्कांची सगळ्यात लाडकी सोय होती. पडद्यात काही बदल केला की एक चौकट यायची: हे बदल ठेवायचे का? खाली सेकंद उलटे मोजले जायचे. आपण 'ठेवा' दाबलं तर ठेवले. काहीच दाबलं नाही तर वेळ संपल्यावर सगळं आपोआप पूर्वीसारखं. "काय दिसंना झालं तर घाबरायचं न्हाय," अक्का सगळ्यांना बजावायच्या, "हात मांडीवर ठेवून गप बसायचं. मशिनला कळतंय, ह्या बाईला कायच दिसंना. ते परत जातंय आपलं आपण." कुलकर्णींच्या ऑफिसात त्यांनी घाईत 'ठेवा' दाबलं होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. विषय काढला तर मला म्हणाल्या, "तुझं ध्यान सगळं नको तितं."

एकदा त्यांनी त्यांच्या नवऱ्याला, आम्ही ज्यांना अण्णा म्हणायचो त्यांना, माझ्यासमोरच विचारलं, "आपल्या लग्नानंतर अशी चौकट आली असती, हे बदल ठेवायचे का म्हणून, तर काय केलं असतं ओ तुमी?" अण्णा कमी बोलायचे. बराच विचार करून म्हणाले, "चष्मा सापडेपर्यंत टाइम संपला असता." अक्का इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

अण्णांच्या या बोलण्यात थट्टेपेक्षा खरं जास्त होतं. त्यांचे डोळे जात चालले होते, आणि तेही विचित्र रीतीनं. कडेचं दिसायचं, पण जिथं बघावं तिथंच मधोमध धुरकट. डॉक्टरांनी सांगितलं होतं की कडा राहतील, मधलं परत यायचं नाही. त्यामुळे अण्णा आपल्याशी बोलताना भलतीकडे बघायचे. नव्या माणसाला वाटायचं, यांचं आपल्याकडे लक्ष नाही. अण्णा चादरीच्या कारखान्यात नक्षीचे मास्तर होते. चौकड्यांच्या कागदावर एकेक घर रंगवून नक्षी काढायची, त्यावरून मागावर चादर विणली जायची. घरातल्या प्रत्येक लेकीच्या लग्नात अण्णांनी खास तिच्यासाठी काढलेल्या नक्षीची चादर द्यायची, ती एकच विणायची, तशी दुसरी कधी निघायची नाही, असा त्यांच्याकडचा रिवाज होता. बहिणींना मिळाल्या, पुतणीला मिळाली, मुलगी सुजाताला मिळाली. आता सुजाताच्या मुलीचं, कल्याणीचं लग्न ठरलं होतं आणि अण्णांना चौकड्याच दिसत नव्हत्या.

"व्यंकटेशला सांग, तयारमधली चांगली बघून एक दे म्हणावं," अण्णा म्हणाले. व्यंकटेश त्यांचा भाचा, त्याचा स्वतःचा छोटा कारखाना होता. अक्कांना हे एवढं लागलं की त्या दिवशी त्या माझ्याकडे येऊन चहाही न पिता बसल्या. मग एकदम म्हणाल्या, "तयारमधली! माझ्या नातीला! माणूस हाय, रंग हायत, हात हाय. दिसत न्हाय एवढंच ना? दिसायचं काम माझं."

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या हॉलमध्ये प्रयोगशाळा सुरू झाली. भिंतीवरचा मोठा टीव्ही खाली उतरवून टेबलावर आला, कॉम्प्युटरला जोडला गेला. मुलाकडचे, मुलीकडचे, मध्यस्थ, सगळं यथासांग. पहिल्या दिवशी टीव्हीवर चित्र आलं ते टपालाच्या तिकिटाएवढं. नंतर आलं ते इतकं मोठं की अख्ख्या पडद्यावर एकच बटण. अक्का एकेक आकडा बदलत आणि अण्णांना विचारत, "आता?" अण्णा मान तिरकी करून, "न्हाय." "आता?" "न्हाय." शेवटी नक्षीचं एकेक घर कॅरमच्या सोंगटीएवढं झालं, आणि नक्षी काढायची खिडकी अक्कांनी पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात सरकवली, कारण अण्णांना तिथलं बरं दिसायचं. "आता?" अण्णांनी हात पुढे केला आणि माउस मागितला.

नक्षी ठरली ती डाळिंबाच्या फांदीची. व्यवस्था अशी की अक्का शेजारी बसून रंग वाचायच्या आणि अण्णा भरायचे. दोघांची तेलुगूत जी जुंपायची ती आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायची. मला शब्द कळत नव्हते, पण कोण हरतंय ते कळायचं. एके दिवशी अक्का धावत खाली आल्या. नक्षी नाहीशी झाली होती. सगळीच्या सगळी. मी वर गेले तर अण्णा डोक्याला हात लावून बसलेले. अक्का नेहमीचे सगळे मंत्र म्हणून मोकळ्या झालेल्या. टीव्हीजवळच त्यांनी जुना छोटा मॉनिटरही जोडून ठेवला होता. अक्कांनी तो सकाळी वीज वाचवायला बंद केला होता आणि नक्षीची खिडकी नेमकी त्याच्यावर जाऊन बसली होती. कॉम्प्युटरला बिचाऱ्याला काय माहीत तो पडदा बंद आहे! मी बटण दाबलं, छोटा मॉनिटर उजळला आणि त्यावर डाळिंबं हजर. "माहेरी गेली होती," अक्का डोळे पुसत म्हणाल्या, "सांगून जायला काय झालं होतं गं तुला?" आणि मॉनिटरला हलकेच एक चापट दिली.

आता एका पिवळ्या उजेडाबद्दल. टीव्हीच्या पांढऱ्या प्रकाशानं अण्णांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अक्कांनी सेटिंगमध्ये शोधून शोधून एक कळ काढली. ती दाबली की पडदा मंद, पिवळसर व्हायचा, दिवेलागणीला कंदिलाजवळ बसल्यासारखा. खरं तर ती रात्रीपुरती वापरायची सोय. अक्कांनी ती दिवसभरासाठी लावली, आणि जितकी ओढता येईल तितकी पिवळ्याकडे ओढली. अण्णा म्हणाले, "हां. आता गार वाटलालंय." पहिली पाच मिनिटं सगळं हळदीत बुडवल्यासारखं दिसलं. मग डोळ्यांना सवय झाली आणि ती कळ सगळेच विसरले. अण्णांना चादरीची जमीन, म्हणजे नक्षीमागचं कापड, सायीच्या रंगाची हवी होती. कोरा पडदा आयताच सायीसारखा दिसत होता, तो तसाच ठेवला. डाळिंबाला गर्द लाल हवा होता, तो मिळाला. फांदीवर पोपट बसले, त्यांना हिरवा बराच शोधावा लागला, पण तोही मिळाला. कल्याणी सांगोल्याला बँकेत नोकरीला होती, रोज डाळिंबाच्या बागा बघत जायची, म्हणून हे सगळं. तीन रंगांची ती चादर पडद्यावर इतकी सुरेख दिसत होती की मी पुन्हा पुन्हा बघत राहिले.

नक्षी व्यंकटेशला पाठवली. दोन दिवसांनी त्याचा फोन आला तेव्हा मी तिथंच होते. "मामा, रंग हेच नक्की?" अण्णांची मान ताठ झाली. कारखान्यात असताना मास्तरनं एकदा रंग लावला की कुणी बोट ठेवायचं नाही, हा त्यांचा कायदा होता, आणि व्यंकटेश त्याच कायद्यात वाढला होता. "मास्तरनं लावलेला रंग हाय," अण्णा म्हणाले. पलीकडून "व्हय मामा," एवढंच आलं आणि फोन बंद झाला.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी व्यंकटेश गठ्ठा घेऊन आला. हॉलमध्ये सुजाता, कल्याणी, आम्ही शेजारणी. अण्णा गॅलरीच्या दाराशी खुर्चीत, नेहमीसारखे भलतीकडे बघत. अक्कांनी स्वतः सुतळी सोडली, चादर झटकली आणि दिवाणावर पसरली.

जमीन पांढरीशुभ्र, कडक उन्हातल्या चुन्याच्या भिंतीसारखी. डाळिंबं झगझगीत राणी रंगाची. आणि पोपट निळे. नुसते निळे नाही, डोळ्यांत घुसणारे निळे. कल्याणीच्या तोंडून "अय्यो!" निघालं आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. व्यंकटेश घाईघाईनं म्हणाला, "मी इचारलो की ओ मामी. मामा म्हणले, मास्तरनं लावलेला रंग हाय. मग मी काय बोलणार? तुमच्या फाइलीत असंच हाय. बघा पायजे तर."

अक्का टीव्हीकडे गेल्या. नक्षी उघडली: साय, लाल, हिरवा. सेटिंग उघडली. त्यांचा हात क्षणभर थांबला आणि मग त्यांनी ती कळ बंद केली. आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडदा पांढराफटक झाला आणि पोपट निळे झाले. त्यांनी कळ परत चालू केली. हिरवे. बंद केली. निळे. कल्याणीला आता हसू आवरेना, सुजाता तिला गप्प करता करता स्वतःच फुटली, आणि मलाही पदर तोंडाला लावावा लागला. अक्का मात्र हसल्या नाहीत. त्या टीव्हीसमोर जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्यामुळं झालं. ह्यांच्या डोळ्यांसाठी लावली आणि विसरून गेले. शेवटची नक्षी ह्यांची. मी घालवली." आम्ही हसायचं थांबलो. त्या बाईच्या तोंडून असलं वाक्य ऐकायची आम्हाला कुणालाच सवय नव्हती.

गॅलरीच्या दाराशी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. अण्णा उठले होते. मान तिरकी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून ते दिवाणाकडे बघत होते. एक पाऊल टाकलं, थांबले, पुन्हा एक पाऊल. हात पुढे करून चाचपडले नाहीत. सरळ दिवाणाजवळ गेले, मान दुसऱ्या बाजूला वळवली, खाली वाकले, आणि काठाजवळच्या एका पोपटावर नेमकं बोट ठेवलं.

"ह्याची चोच उघडी ऱ्हायली," अण्णा चिडून म्हणाले. "मिटलेली पायजे होती. व्यंकटेश, तू बघितला न्हाईस? आणि हे डाळिंब बघ, देठाला एक घर कमी हाय. असलं काम माझ्या नावानं बाहेर कसं सोडलास?"

व्यंकटेशनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण अक्कांनी त्याला हातानंच गप्प केलं. त्या जमिनीवरून उठल्या. चेहरा भिजलेला, आणि त्यातूनच तो बारशाचा आनंद फुटत होता. "बोलू दे त्यांना," त्या ओरडल्या, "दीड वर्ष झालं, माझ्या सांबारातसुद्धा खोट काढली न्हाय ह्या माणसानं! मीना, ऐकलीस का? ह्या भडक रंगात चोच दिसली! ओ, अजून काय चुकलंय? सगळं सांगा. एक एक सांगा."